बूचभाऊ

१

गफ्फारचा डोंगा बुडाला, अन् तोबी गनपती शिरवाच्या, म्हंजे विसर्जनाच्या, आदल्या दिवशी.

आता तुमी म्हनसान, डोंगा होय, बुडनारच. तं बाप्पा, आयका. काठाले बांधलेला डोंगा आपल्या मनानं बुडत नाई. कोनीतरी बुडवते.

मी गीताबाई. धाडहून जीपनं निघालं का डोंगराच्या पायथ्याशी आमचं पिंपळवाडीचं धरन लागते. तिथं घाटावर साऱ्याचे डोंगे उभे राह्यते. नवरा गेल्यापासून आमचा डोंगा मीच चालवते, मासोळ्या मीच धरते, अन् जास्त बोलनाऱ्याले उत्तर बी मीच देते. घाटावर बायांपैकी मी एकलीच. म्हनून माह्या तोंडाले कोनी लागत नाई.

पयले आमची रीत सांगते, नाई तं तुमाले काई समजनार नाई. लाकडाच्या डोंग्याच्या बुडाले एक भोक असते. डोंगा काठावर वढला का आतलं पानी तिथून काढून टाकाचं, अन् पान्यात लोटाच्या आंधी त्यात लाकडाचं बूच ठोकाचं. हे बूच आपलं आपन कोनी तासत नाई. तुह्या डोंग्याचं बूच तुह्या दोस्तानं तासाचं, आपल्या झाडाचं लाकूड घेऊन. त्याचं तू तासाचं. म्हंजे तुहा जीव त्याच्या हाती अन् त्याचा तुह्या हाती. असे दोघं म्हंजे बूचभाऊ. एकाले एकच, नवरा-बायकोसारखं.

गफ्फार अन् उद्धव हे बूचभाऊ. उद्धवच्या दारी कडुलिंब, गफ्फारच्या बांधावर बाभूळ. माहा बूचभाऊ सहदेव. माह्या दारी चिंच, त्याच्या दारी आंबा.

आता जळाची गोष्ट. आमचा गनपती मोठा, एका डोंग्यात मावत नाई. मंग दोन डोंगे एकाले एक बांधून वर फळ्या टाकाच्या, याले जोडी म्हनते. जोडी बूचभावाचीच. अन् दर साली जोडी कोनाची? गफ्फार-उद्धवची! सारा गाव काठावर हात जोडून उभा, अन् मधात हे दोघं छाती फुगवून वल्हे मारून राह्यले. मी जळो, सहदेव जळे, अन् शंकरराव तं जळून कोळसा होये. हा शंकरराव बुलढान्याच्या कोन्या कचेरीतून रिटायर होऊन आला अन् त्यानं फायबरची लालभडक मोटरबोट घेतली. त्याच्या बोटीच्या बुडाले पिलास्टिकचं आट्याचं झाकन. त्याले बूचभाऊ लागतच नाई. अन् म्हनूनच त्याले कोनी भाऊ म्हनत नाई.

तं त्या सकाळी मी घाटावर आली तं सहदेव पयलेच हजर. आंघोळ झालेली, केस वल्ले, चहा ठेवलेला! हा मानूस ऊन चटकल्याबिगर अंथरून सोडत नाई.

"काऊन बे, आज सूर्य कोनीकडून उगवला?" मी म्हनलं.

"गनपतीचे दिवस हायेत गीता, लवकर उठावं म्हनलं," तो म्हने. त्यानं चहाचा गिलास देल्ला. गिलास असा सटकला माह्या हातातून का पदरानं धरावा लागला. मी चहा पेत पान्याकडं पाह्यलं, अन् चहा तसाच राह्यला.

गफ्फारच्या डोंग्याचं निस्तं टोक पान्यावर. बाजूले रंगवलेलं होतं 'शाहजादी एक्सप्रेस', त्यातलं 'शाह' तेवढं वाचता ये. बाकी सारं पान्यात.

गफ्फार आला, पाह्यलं, अन् मटकन खाली बसला. उद्धव बी धावत आला. लोक जमले. अन् तेवढ्यात शंकरराव उद्धवच्या डोंग्याजवळून वरडला, "अहो, हे बघा! हे इथं काय आहे?"

उद्धवच्या डोंग्यात, बसाच्या फळीखाली, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक बूच होतं. काळंभोर, डांबरानं माखलेलं.

"बूच काढून बुडवला!" कोनीतरी म्हनलं, अन् झालं. सारे उद्धवकडं पाहू लागले. कारन आठ दिवसाआंधी दोघायचं भांडन साऱ्यानं पाह्यलं होतं. कोन्या पोट्ट्यानं मागच्या सालच्या जोडीचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. त्यात गफ्फारच गफ्फार! उद्धवचं निस्तं कोपर दिसे. "साऱ्या जिल्ह्यानं तुले पाह्यलं अन् माहं कोपर पाह्यलं!" असा तो भर जेवनात वरडला होता.

"मले काई मालूम नाई बे गफ्फार," उद्धव म्हने. "आईची शप्पथ."

पन घाटाची शिक्षा एकच हाये, बूच काढनं. ज्यानं तुह्यं बूच तासलं, त्यानंच साऱ्यासमोर मोगरीनं ठोकून ते काढाचं. मंग तो डोंगा सालभर काठावर पालथा, अन् त्या मानसाले घाटाची पायरी बंद. उद्धवच्या डोंग्याचं बूच गफ्फारच्या हातचं. म्हंजे काढनारबी गफ्फारच.

"सांजच्याले रोडग्याची पंगत हायेच," जुनी मानसं म्हनली. "जेवन झालं का काढू. काय गफ्फारभाई?"

गफ्फारनं वर पाह्यलं नाई. "काढतो," म्हने.

२

दुपारच्या आंधी शाहजादी आली. ही गफ्फारची बायको, माही जुनी मैत्रीन. धाडच्या बाजारात बांगड्याचं दुकान लावते. बाईचा हात हाती घेतला का तिच्या घरी काय चाल्लं, हे तिले समजते. गावात कोनाची कोंबडी चोरी गेली तरी लोक पयले तिच्याकडं येते.

तिनं बुडलेल्या टोकाकडं पाह्यलं अन् कमरेवर हात ठेवले.

"गीताबाई, माह्या सवतीले कोनं बुडवलं वं?"

"सवत?"

"नाई तं काय? मले सालात एक साडी, अन् हिले दोनदा रंग! माहं नाव हिले देल्लं, अन् मले हाक काय, तं 'आयकते का'." मंग ती जरा थांबली. "पन सवत असली तरी घरची होय. अन् उद्धवभाऊनं माह्या पोट्ट्यायले खांद्यावर खेळवलं. सांजच्याले गफ्फारनं त्याचं बूच काढलं ना, तं हा मानूस घरी येऊन जेवनार नाई, पुन्हा कधी हसनार नाई. मले मालूम हाये. चाल, विचारू एकेकाले."

पयले उद्धव. तो आपल्या डोंग्यात पाठ करून बसला होता.

"भाबी, मी जळलो. हाव, खोटं कायले बोलू? कोपरासाठी जळलो. पन त्याच्या डोंग्याचं बूच मीच तासलं ना, माह्या दारच्या कडुलिंबाचं! मानूस आपल्याच हातच्या बुचाले हात लावन काय? माह्यं पोट्टं असल्यासारखं हाये ते." अन् एवढा धट्टाकट्टा गडी रडू लागला.

मंग शंकरराव. तो काठावर बसून बी ते नारंगी लाइफजॅकेट काढत नाई. पोहता येत नाई ना!

"उद्धवच्या डोंग्यात तुमी काऊन डोकावले?" शाहजादीनं इचारलं.

शंकररावचं तोंड उतरलं. "मी रोज सकाळी सगळ्यांच्याच डोंग्यांत डोकावतो, वहिनी. कोणी भाकर सोडलेली असते. वाटतं, म्हणतील, या शंकरराव, बसा." तो आपल्या बोटीकडं पाहू लागला. "ही बोट मी काही पाण्यासाठी घेतली नाही. मला पाण्याची भीतीच वाटते. इथं तुम्ही सगळे हसत बसता ना, ते मला रस्त्यावरून दिसायचं. म्हणून घेतली. तरी कोणी बोलवत नाही."

"पाह्यलं? जळकुकडा!" मी शाहजादीच्या कानात म्हनलं. "यानंच केलं."

"तू थांब," ती म्हने.

शेवटी सहदेव. तो जाळं उकलत बसला होता.

"भाबी, झालं ते वाईटच झालं. पन उद्या गनपती थांबनार नाई. गफ्फारभाईले म्हनाव, डोंगा उपसून घे, अन् जोडीले माहा डोंगा लाव. मी हाव ना."

आयकलं अन् खोटं कायले सांगू, माह्या अंगावर मूठभर मास चढलं. सहदेवचा डोंगा जोडीत! म्हंजे माहं चिंचेचं बूच गनपतीखाली! सारी जिंदगी जळली मी या एका गोष्टीसाठी.

"बरोबर हाये सहदेवचं," मी म्हनलं. "काय वं शाहजादी?"

शाहजादीनं माह्याकडं पाह्यलं नाई. ती सहदेवच्या हाताकडं पाहून राह्यली होती. मंग म्हने, "गीताबाई, पदर खोच. तुले पान्यात उतराचं हाये."

३

"आता कायले?" मी कुरकुर केली. "बूच निघालं, डोंगा बुडाला. सांजच्याले ट्रॅक्टर येईन तवा वढतीन."

"मले एक सांग. डोंगा पान्यात असला का बुचाचं काय होते?"

"फुगते. लाकूड होय ना, पानी पेते. जेवढं फुगन तेवढं घट्ट बसते."

"मंग ते काढाचं कसं?"

"डोंगा काठावर वढाचा, अन् खालून मोगरी हानाची. त्याबिगर..." मी बोलता बोलता थांबली. या बाप्पा! एवढी उमर पान्यात गेली अन् सकाळी माह्या डोक्यात हे आलंच नाई. नुसत्या हातानं, पान्यातल्या डोंग्याचं फुगलेलं बूच? भीम आला तरी निघनार नाई. पन तवा सारे रागात होते, अन् मी तं गंमत पाहून राह्यली होती.

मी पान्यात उतरली, नाक दाबलं अन् डुबकी मारली. खाली गढूळ पानी, काई दिसे ना. हात डोंग्याच्या बुडावरून सरकवत नेला. भोकापाशी बोटं गेली. पुन्हा चाचपलं. मंग वर आली अन् खोकत काठ धरला.

"काय हाये?" शाहजादी म्हने.

"बूच," मी म्हनलं. "बूच जागेवर हाये. तसूभर हाललं नाई."

४

आमी दोघी माह्या डोंग्यात जाऊन बसलो. शाहजादीनं ते काळं बूच कोनाले न इचारता पदराखाली आनलं होतं.

"म्हंजे हे गफ्फारच्या डोंग्याचं नाईच," मी म्हनलं. "अन् डोंगा मंग बुडाला कसा?"

"तूच सांग. तू डोंगेवाली, मी बांगड्यावाली."

मी इचार केला. "डोंग्याच्याच काठावर उभं राहून भार देल्ला का डोंगा कलते अन् बदाबदा पानी घेते. मंग तोच खाली जाते. पन उभा राहनारा बी पान्यात पडते. पोहनारा गडी पायजे."

"अन् आता हे पाय. बुचाले कोनी डांबर लावते काय?"

"येडी झाली काय! डांबर लावलं तं लाकूड पानी कसं पेईन? फुगनारच नाई. फळ्याच्या फटीले लावते डांबर, बुचाले नाई."

अन् मले एकदम उजेड पडला. मी डोंग्यातच उभी राह्यली. "शंकरराव! ज्याले डोंग्यातलं काई समजत नाई, तोच बुचाले डांबर लावन! म्हनलं नोतं मी?"

"बस खाली, डोंगा हालते. पोहता येत नाई त्याले, तो डोंग्याच्या काठावर कसा उभा राहीन?" शाहजादीनं माह्या विळीवर ते बूच घासाले सुरुवात केली. काळे पापुद्रे निघाले. खालून लाकूड दिसलं, लालसर. तिनं ते दाढेखाली धरून चावलं अन् माह्यापुढं केलं. "चाव."

आमाले लहानपनापासून दात घासाची दोन झाडायची दातनं माहीत. कडुलिंब कडू लागते. हे कडू नोतं. तुरट होतं.

"बाभूळ!" मी म्हनलं.

"हाव. बाभूळ कोनाची?"

 घाटावर बाभळीचं बूच एकाच मानसाच्या हातचं. गफ्फारचं. अन् तो तासते फक्त उद्धवसाठी. उद्धवचं तं त्याच्या डोंग्यात ठोकलेलं हाये. मंग हे दुसरं कोनासाठी तासलं?

शाहजादी उठली, तशीच गफ्फारकडं गेली. मी मागं. गफ्फार गवऱ्या रचत होता.

"दुसऱ्या कोनाले बूच देल्लं तुमी?"

गफ्फारच्या हातातली गवरी पडली. बाईच्या भानगडीत धरल्यासारखं तोंड झालं त्याचं. तो इकडं पाहे, तिकडं पाहे.

"मी कसम खाल्ली हाये," एवढंच म्हने. "मले इचारू नको. उद्धवच्या कानावर गेलं तं मरन तो."

"अन् आज त्याचं बूच काढसान, मंग तो जगन काय?"

गफ्फारनं गवरी उचलून पुन्हा रचाले घेतली. शाहजादी फनफनत परत आली. "माह्याशी लगन झालं तवा बी हा मानूस एवढा लाजला नोता! दोस्ताले फसवलं तं पाय कशी लाज आली." मंग ती हळूच म्हने, "ज्याले लाकूड ओळखता येत नाई, तो लाकूड लपवन कायले, गीताबाई? ज्यानं डांबर फासलं, त्याले पक्कं मालूम होतं का लाकूड बोलते. तो आपल्यातलाच हाये. आता सांग, हाताले डांबर लागलं का कशानं निघते?"

"तेलानं," मी म्हनलं. "गोडं तेल चोळाचं, मंग साबन लावून..."

अन् मले सकाळचा चहाचा गिलास आठवला. हातातून सटकलेला.

शाहजादी माह्याकडं पाहत होती. "काय झालं?"

"काई नाई," मी म्हनलं.

५

ऊन कललं. गवऱ्याच्या आरात रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली, पंगत बसली. एरवी या जेवनात एवढा कल्ला का धरनाच्या भिंतीवर आयकू जाये. आज निस्ता चावाचा आवाज.  सहदेव माह्या बाजूलेच बसला होता, नेहमीसारखा. त्यानं नेहमीसारखा आपल्या रोडग्याचा कडक पापुद्रा काढून माह्या ताटात ठेवला, कारन मले तो आवडते.

जेवन होत आलं, काई जन अजून ताटावरच होते. उद्धवच्या डोंग्याची मागची बाजू काठावर वढली. गफ्फारच्या हाती मोगरी देल्ली. तो वाकला. उद्धव बाजूले उभा, त्यानं डोळे मिटले.

"थांबा!" शाहजादी म्हने. "ते बूच काढाच्या आंधी, बुडालेल्या डोंग्याचं बूच कोठी हाये ते गीताबाईले इचारा."

मी सांगतलं. जागेवर हाये म्हनून. गलका झाला. दोघं पोहनारे गडी उतरले, हात लावून आले, हाव म्हनले. गफ्फारनं मोगरी खाली टाकली अन् उद्धवकडं पाह्यलं. "तुह्यं बूच हाललं नाई बे," तो म्हने. "रातभर पान्यात राह्यलं, पन हाललं नाई."

"मंग हे डांबराचं कोनाचं?" कोनीतरी म्हनलं. अन् दुसऱ्याच मिनिटाले चार आवाज एकदम आले, "शंकरराव! त्यानंच काढून दाखवलं! त्यालेच नाई समजत!"

शंकरराव ताट घेऊन उभा राह्यला.  त्या दिवशी पयल्यांदा त्याले कोनीतरी पंगतीत बसा म्हनलं होतं.

"बसा शंकरराव, जेवा," शाहजादी म्हने. "तुमाले पोहता येत नाई, अन् तुमाले कडुलिंब अन् बाभळीतला फरक बी समजत नाई. तुमी डांबर लावून काय लपवसान?" तिनं विळीनं घासलेलं बूच उद्धवच्या हाती देल्लं. "चावा भाऊ."

उद्धवनं चावलं. चावता चावता त्याचं तोंड बदललं. तो गफ्फारकडं फिरला.

"बाभूळ? तुह्या हातची?"

गफ्फारनं मान खाली घातली.

"कोनाले देल्लं बे?" उद्धव वरडला. बुडवल्याचा आळ आला तवा हा रडला होता, आता लालेलाल झाला. "माह्यावाचून दुसऱ्याले बूच देल्लं तू? कोन होय तो? सांग!"

"कसम हाये," गफ्फार पुटपुटला.

"त्याची कसम त्याच्यापाशी राहू द्या," शाहजादी म्हने. "गीताबाई, तुले काई सांगाचं हाये काय?"

तिले मालूम होतं. सहदेवच्या नखातलं काळं तिनं दुपारीच पाह्यलं होतं. तिले आपल्या तोंडानं सांगता आलं असतं. पन तिनं मले इचारलं, कारन सहदेव माहा होता.

मी सहदेवकडं पाह्यलं. तो हातातल्या रोडग्याकडं पाहत होता. उद्धव तिकडं बूच मुठीत आवळून उभा. मी नाई बोलली असती, तं सारं शंकररावच्या डोक्यावर गेलं असतं, नाई तं दोन भाऊ जिंदगीभर एकमेकावर संशय घेत राह्यले असते. अन् उद्या सहदेवचा डोंगा जोडीत, माहं बूच गनपतीखाली. हे बी डोक्यात आलं. आलं, कायले लपवू.

"सकाळी सहदेवच्या हाताले तेल होतं," मी म्हनलं. "त्यानं देल्लेला गिलास माह्या हातातून सटकला. अन् तो माह्या आंधी आला होता. आंघोळ करून."

 सहदेवनं रोडगा ताटात ठेवला.

"हाव," तो म्हने. "मीच."

"काऊन बे?" गफ्फार म्हने. "रोज येऊन बसे तू, म्हने एक बूच दे, निस्तं घरी ठेवतो. मले कीव आली म्हनून देल्लं. अन् तू माहाच डोंगा बुडवला?"

"मोडला नाई मी. पानी भरलं, उपसलं का झालं. उद्धव बाजूले झाला असता, तं तू दुसरा कोन पाह्यला असता? एक बूच तू मले देल्लंच होतं, डोंग्यात ठोकाले दुसरं बी देल्लं असतं. एकदा, फक्त एकदा जोडीत राहाचं होतं मले. सारं गाव पाह्यते रे."

मले राह्यवलं नाई. "अन् माह्या बुचात काय खोट होती?" मी इचारलं. "माह्या चिंचेत काय खोट होती रे? मुकाट्यानं दुसऱ्याकडं गेला तू!"

सहदेवनं पयल्यांदा माह्याकडं पाह्यलं.

"खोट नाई गीता. तुह्या बुचानं डोंगा कधी थेंबभर गळला नाई. आजबी तेच हाये त्यात, गफ्फारचं मी कधी ठोकलं नाई. पन बाईच्या हातच्या बुचाचा डोंगा गनपतीखाली घेत नाई. कोनी बोलून दाखवत नाई, पन घेत नाई. एवढ्या सालात कधी घेतला काय? मी किती डाव इचारलं. हसून टाळते."

मी वळून साऱ्यायकडं पाह्यलं. गफ्फारकडं, उद्धवकडं, जुन्या मानसायकडं. म्हनलं, कोनी तं म्हनन का हे खोटं हाये. सारे पायाकडं पाहत होते.

म्हंजे एवढी सालं मी जळत होती, ते उगाच. माही बारी येनारच नोती.

मंग एक जुना मानूस खाकरला अन् मोगरी उचलून माह्यापुढं केली. बरोबर हाये. सहदेवचं बूच माह्या हातचं.

"बाईच्या हातचं बूच जोडीले चालत नाई," मी म्हनलं, "पन काढाले बाईचा हात चालते, नाई?"

 मी मोगरी घेतली. सहदेवनं आपला डोंगा आपनच काठावर वढला, कोनाची मदत घेतली नाई. मी खाली वाकली. माहं बूच मी ओळखलं, टोकाले मी तिरपा काप देते. पयल्या ठोक्याले हाललं नाई. दुसऱ्याले बी नाई. असं फुगून बसलं होतं का जनू डोंग्याचंच हाड होय. सहदेव माह्या बाजूले उकिडवा बसला अन् हळूच म्हने, "डाव्या बाजूनं मार, तिकडून निघते."

मी डाव्या बाजूनं मारलं. निघालं.

६

दुसऱ्या दिवशी बुडालेला डोंगा उपसून जोडी गफ्फार-उद्धवचीच लागली, पन काय ती जोडी! उद्धव बोलाले तयार नाई. "दुसऱ्याले बूच देल्लं," एवढं एकच घोकते. दोघं एकमेकाकडं पाठ करून वल्हे मारत होते अन् मधात गनपती. पोट्ट्यायनं व्हिडिओ काढला, त्यात दोघायच्या बी पाठीच दिसते. शाहजादी म्हने, चला, आता कोनाले जळाचं काम नाई. मागून शंकररावची लाल बोट आरतीचं ताट घेऊन गेली. त्यात चौघं बसले होते अन् शंकरराव भीतीनं पांढरा पडला होता, तरी हसत होता.

मंग साऱ्यायले माही बी आठवन आली. जुनी मानसं घरी आली, म्हनली, गीताबाई, पुढच्या साली तुह्या डोंग्याचं पाहू. मी म्हनलं, पाहा. पुढच्या साली मी हाव म्हनते का नाई म्हनते, ते बी पाहा.

सहदेवचा डोंगा काठावर पालथा हाये. तो घाटावर येत नाई. रस्त्यानं जाते, अन् वळनावर जरा थांबते, शंकरराव थांबे तसा. मी त्याच्याशी बोलत नाई. बोलनारच नाई. पन माह्या डोंग्यात त्याचं आंब्याचं बूच हाये, ते काढाचं तं डोंगा काठावर वढावा लागते, अन् सध्या मासोळी चांगली भेटून राह्यली. म्हनून राह्यलं.

परवा शाहजादी चहाले आली. अंगनात बसली, अन् तिची नजर छपरावर गेली.

"गीताबाई, ती चिंचेची फांदी कायले वाळत टाकली वं?"

"चुलीले," मी म्हनलं.

तिनं चहाचा घोट घेतला. मंग म्हने, "चुलीच्या लाकडाची साल कोनी एवढी नीट काढून ठेवते काय?"

मी तिले अजून चहा वतला अन् गप पे म्हनलं.